वाचकांचे प्रश्न : बॅन्शी परत येणार का?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला, नोकरीनिमित्त गेली चौदा वर्षे शारजात आहे. थंडीच्या दिवसांत आम्ही चार-पाच मित्र दुबई-हत्ता रस्त्यावरच्या लाल वाळूत क्वाड (वाळूत चालणाऱ्या चारचाकी मोटरसायकली) घेऊन जातो. यामाहाची जुनी ‘बॅन्शी 350’ तेथे अजूनही भाव खाऊन जाते. अलीकडे एका चित्रफितीत ही गाडी नव्याने येत असल्याचे पाहिले. त्यात नवे रूप दाखवले होते आणि किंमतही सांगितली होती. मी पैसे बाजूला ठेवले आहेत. थांबावे का?
— एक वाचक, शारजा

उत्तर : थांबू नये, आणि चित्रफितीवर विसंबून तर मुळीच थांबू नये. कारणांकडे वळण्यापूर्वी ही गाडी न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारायला भाड्याने मिळते ती क्वाड आणि बॅन्शी यांच्यात साम्य एवढेच, की दोन्हींना चार फुगीर टायर आणि मोटरसायकलसारखे हँडल असते. बॅन्शी 1987 मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली. तिचे 347 सीसीचे, दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन यामाहाच्याच आरझेड 350 या रस्त्यावरच्या मोटरसायकलीच्या घराण्यातले होते. गिअर सहा, क्लच हाताचा, मागच्या चाकांना चेन आणि सुरू करायला फक्त किक. बटणही नाही आणि रिव्हर्स गिअरही नाही. ऑइल पंप नसल्यामुळे पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मोजून घालायचे, डबा चांगला हलवायचा आणि मगच ते टाकीत ओतायचे, हा रोजचा विधी असे. आयर्लंडच्या लोककथांत घरातल्या मृत्यूची चाहूल देत रात्री आक्रोश करणाऱ्या स्त्रीपिशाचाला बॅन्शी म्हणतात. हे इंजिन खालच्या फेऱ्यांवर कुरकुरत राहते आणि एका टप्प्यानंतर अचानक असे उसळते, की वल्ह्यासारखे पट्टे असलेले मागचे टायर वाळूचा फवारा उडवतात आणि पुढची चाके जमीन सोडतात. त्या क्षणीचा दोन सायलेन्सरांतला चिरका आवाज ऐकला, की गाडीचे बारसे करणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

तिच्या बरोबरीच्या टू-स्ट्रोक क्वाड फार आधीच गेल्या. होंडाची टीआरएक्स 250आर 1989 मध्ये थांबली, सुझुकीची पाचशे सीसीची एलटी 500आर 1990 मध्ये आणि तिची धाकटी बहीण एलटी 250आर 1992 मध्ये. बॅन्शी मात्र फारसे रूप न बदलता अमेरिकेत 2006 पर्यंत विकली गेली. एवढी वर्षे टिकलेली गाडी बंद का पडली, हे समजून घेतले म्हणजे ती परत का येत नाही, हेही आपोआप समजते.

टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला वायू बाहेर ढकलण्याचे काम आत येणारे ताजे मिश्रणच करते, कारण त्या वेळी आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा असे दोन्ही मार्ग उघडे असतात. ताज्या पेट्रोलचा बराच भाग त्यामुळे न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो आणि त्यात मिसळलेले ऑइलही त्याच वाटेने धूर होऊन जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2002 मध्ये अशा करमणुकीच्या वाहनांसाठी प्रथमच धुराचे नियम ठरवले. क्वाडसाठी ते 2006 च्या मॉडेलपासून निम्म्या आणि 2007 पासून सर्व उत्पादनाला लागू झाले. बॅन्शीच्या अखेरच्या वर्षाशी हे साल ताडून पाहावे. अमेरिकेबाहेर काही देशांत ती त्यानंतरही काही वर्षे मिळत होती, पण मुख्य बाजारच बंद झाल्यावर तिचे दिवस भरल्यासारखेच होते.

येथे जाणकार वाचक हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. यामाहा वायझेड 250 ही टू-स्ट्रोक मोटोक्रॉस मोटरसायकल त्यानंतरही विकत राहिली, ते कसे? त्याचे कारण असे, की केवळ शर्यतीसाठीच असलेल्या वाहनांना त्या नियमांतून सूट आहे. बॅन्शी घेणारे बहुतेक लोक मात्र कुटुंबासह तंबू ठोकून कॅलिफोर्नियाच्या ग्लॅमिससारख्या वाळूच्या टेकड्यांवर शनिवार-रविवार घालवणारे होते, शर्यतीच्या रिंगणात उतरणारे नव्हते. टू-स्ट्रोक स्वच्छ करताच येत नाही, असेही नाही. आरझेड 350 अमेरिकेत विकताना यामाहाने 1984 मध्येच तिच्या सायलेन्सरात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, बसवला होता, आणि पुढे केटीएमने 2018 च्या मॉडेलपासून इंधन थेट सिलिंडरच्या वाटेत फवारणारी टू-स्ट्रोक इंजिने युरोपच्या रस्त्यांसाठी विकली. म्हणजे प्रश्न तंत्राचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे.

हा हिशेब बॅन्शीच्या बाजूने लागत नाही. 2004 मध्ये यामाहाची वायएफझेड 450 आणि होंडाची टीआरएक्स 450आर या फोर-स्ट्रोक, म्हणजे मिश्रण आत घेण्याचे आणि धूर बाहेर टाकण्याचे काम वेगवेगळ्या फेऱ्यांत करणाऱ्या इंजिनाच्या, क्वाड आल्या. पाठोपाठ सुझुकी, कावासाकी, कॅन-ॲम आणि केटीएम यांनीही त्याच गटात उडी घेतली, आणि 2008 च्या आसपास या वर्गाची जणू जत्राच भरली होती. त्याच सुमारास अमेरिकेत मंदी आली, आणि ग्राहकांना पोलारिसच्या आरझेडआरसारखी शेजारी शेजारी बसायची, स्टिअरिंगची, डोक्यावर लोखंडी पिंजरा असलेली वाहने अधिक भावली, कारण त्यांत बायको-मुलांनाही बरोबर नेता येते. पुढच्या सात-आठ वर्षांत या गटातल्या बहुतेक क्वाड एकेक करून बंद झाल्या. यामाहाच्या वायएफझेड 450आर आणि 686 सीसीची रॅप्टर 700आर या दोन गाड्या तेवढ्या टिकल्या. त्या दोन गाड्यांनी जी गिऱ्हाइके आधीच धरून ठेवली आहेत, त्यांच्यासाठीच तिसरे, नव्याने प्रमाणित करावे लागणारे इंजिन तीच कंपनी कशासाठी बनवील?

उद्या ‘बॅन्शी’ हे नाव पुन्हा टाकीवर दिसणारच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडे 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी परत आली. लोक हौसेने शोरूममध्ये गेले, पण दोन्हींच्या पोटात फोर-स्ट्रोक इंजिन होते. ज्यांच्या कानात जुना आवाज होता, ते गाडी पाहून खूश झाले आणि किक मारल्यावर गप्प झाले. (किकही नव्हती, बटण होते.) बॅन्शी आलीच, तर ती याच वाटेने येईल, असा माझा अंदाज आहे. यापुढे अशी चित्रफीत दिसली, तर दोन गोष्टी पाहाव्यात. नवे मॉडेल कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का, हे आधी पाहावे. दुसरे म्हणजे केवळ शर्यतीची वाहने सोडली, तर अमेरिकेत विकायच्या अशा प्रत्येक इंजिनाला धुराचे प्रमाणपत्र लागते आणि त्या प्रमाणपत्रांची माहिती सरकार जाहीर करते. तेथे नाव नसेल, तर ते चित्र संगणकावर रंगवलेले आहे, असे खुशाल समजावे. नावाचा ट्रेडमार्क कंपनीने चालू ठेवला, एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही, कारण कंपन्या जुनी नावे सहसा सोडत नाहीत.

बाजूला ठेवलेल्या पैशांत चांगली जुनी बॅन्शी घेऊन तिचे इंजिन नीट बांधून घ्यावे. या गाडीचे सिलिंडर, क्रँककेस, इतकेच काय चौकटसुद्धा बाहेरचे कारखाने आजही नवी बनवतात, त्यामुळे सुट्या भागांसाठी अडून राहावे लागत नाही.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची राजदूत 350 आहे. आमचे मेकॅनिक म्हणतात, की बॅन्शीचे इंजिन म्हणजे हेच इंजिन. मग बॅन्शीचे सिलिंडर मागवून बसवता येतील का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मेकॅनिकचे म्हणणे अर्धे खरे आहे. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 64 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 54 मिलिमीटर आणि क्षमता 347 सीसी. मात्र एस्कॉर्ट्सने 1983 पासून विकलेली आपली राजदूत ही यामाहाच्या आरडी 350 ची आवृत्ती आहे, आणि ते इंजिन हवेवर थंड होते; म्हणूनच तिच्या सिलिंडरांना पंख आहेत. बॅन्शीच्या सिलिंडरांभोवती पाणी खेळते, त्यासाठी रेडिएटर आणि पाण्याचा पंप लागतो. सिलिंडर आणि हेड यांची अदलाबदल होणार नाही, आणि बॅन्शी नव्याने निघाली तरी आपला प्रश्न त्यामुळे सुटणार नाही. आपल्या गाडीला ऑइल आपोआप पुरवणारा ऑटोल्यूब पंप आहे, तो तपासून चालू ठेवावा. बॅन्शीवाल्यांना ते सुख मिळालेच नाही.

प्रश्न : आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. चौदा वर्षांच्या मुलाला सिल्व्हर लेकच्या वाळूत चालवायला क्वाड हवी आहे. ओळखीचे एक गृहस्थ जुनी बॅन्शी स्वस्तात देत आहेत. घ्यावी का?
— एक वाचिका, मिशिगन

उत्तर : ताई, मुलासाठी घेऊ नये. अमेरिकेत 1988 मध्ये उत्पादकांनी सरकारशी केलेल्या समझोत्यानंतर तीन चाकी गाड्यांची विक्री थांबली, आणि 90 सीसीवरच्या क्वाड सोळा वर्षांखालील मुलांसाठी नाहीत, असे ठरले. गाडीवरच्या इशाऱ्यातही तेच लिहिलेले असते. त्यातून बॅन्शीची ताकद हळूहळू वाढत नाही, एकदम येते. मुलाच्या वयासाठी बनवलेली लहान क्वाड घ्यावी आणि तिच्यावर त्या टेकड्यांत सक्तीचा असलेला नारिंगी झेंडा उंच लावावा.

घरातल्या मोठ्यांपैकी कोणाला बॅन्शी घ्यायचीच असेल, तर चौकटीवरचा क्रमांक आणि कागद जुळतात का, ते आधी पाहावे, कारण ही गाडी चोरांचीही आवडती आहे. नंतर इंजिनात हवा भरून ती टिकते का, याची चाचणी करून घ्यावी. कोठे गळती असेल, तर मिश्रणात हवा जास्त जाते आणि पिस्टन तापून जॅम होतो. विकणाऱ्याने आपण पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवले असेल, तर चहा घेऊन परत निघावे, दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जावे आणि थंड इंजिनाला पहिली किक स्वतः मारून पाहावी.