नाताळचे ताट : किती करावे, किती खावे

डिसेंबर लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत नाताळच्या खाण्याविषयीची पत्रे वाढतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी तिघांचे प्रश्न येथे थोडक्यात दिले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण इतर अनेकांच्या मनातला प्रश्नही तोच आहे.

प्रश्न : आम्ही वसईचे. आमच्या घरी नाताळच्या पंधरा दिवस आधी फराळाचे काम सुरू होते. कलकल, नेवऱ्या, खजुराचे रोल, पेरूचे चीज, मिल्क क्रीम, मार्झिपान आणि दोन प्रकारचे केक असे सगळे आईच्या देखरेखीखाली घरीच होते. चर्चमधल्या रात्रीच्या मिस्सेहून (प्रार्थनाविधीहून) परतल्यावर सोरपोतेल आणि फुगे (तळलेले गोल पाव), दुसऱ्या दिवशी दुपारी इंद्याल (व्हिनेगरमधले मसालेदार मांस) आणि कोंबडी, आणि मग नव्या वर्षापर्यंत आल्यागेल्याबरोबर पुन्हा तेच. वडिलांची साखर वाढते, मुलांची पोटे बिघडतात आणि मला पित्ताचा त्रास होतो. यंदा सारे विकत आणू असे मी सुचवले, तेव्हा आई दुखावली आणि म्हणाली, ‘मग सण तरी कशाला करायचा?’ परंपरा सांभाळावी की प्रकृती?
— एक वाचक, वसई

उत्तर : या दोहोंपैकी एकच निवडावे लागेल, असे आपण गृहीत धरले आहे. मला मात्र आपल्या आईंचे पदार्थ जितके जुन्या वळणाचे वाटतात, तितकी ते खाण्याची आपली आजची रीत जुनी वाटत नाही, आणि दुखणे त्या रीतीत आहे. आपण दिलेली यादीच पाहा. पेरूचे चीज म्हणजे पेरूचा गर साखरेबरोबर आटवून केलेली वडी असते, कलकल तळून साखरेच्या पाकात घोळवलेले असतात, आणि सोरपोतेल हे डुकराचे मांस व काळीज बारीक चिरून, परतून, व्हिनेगर आणि मसाल्यात शिजवलेले असते. दाट साखर, आंबट व्हिनेगर आणि पाण्याचा कमी अंश या तिन्हींचे काम अन्न टिकवणे हे असल्यामुळे, शीतकपाट नसलेल्या काळातही हे जिन्नस नाताळपासून सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत घरात पुरत असत. सोरपोतेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक मुरते, हे आपल्याला सांगायला नकोच. जो पदार्थ बारा दिवस पुरवण्यासाठी केला आहे, त्याचा एक घास किंवा एक तुकडा हेच त्याचे माप असते. तो दोन दिवसांत संपवायला बसलो, तर कोणाचेही पोट बिघडेल.

दुसरी गोष्ट नाताळच्या आधीच्या दिवसांची. ख्रिस्तजन्माच्या आधीचे चार रविवार ज्यात येतात, तो आगमनकाळ पूर्वी संयमाचा मानला जाई. १९१७ साली जाहीर झालेल्या कॅथलिक धर्मसंहितेत तर ख्रिस्तजन्माच्या आदल्या दिवशी उपवास करणे आणि मांस वर्ज्य करणे बंधनकारक होते, आणि पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली उपवासाचे नियम बदलले तेव्हा ते बंधन गेले. म्हणजे आपल्या आजीच्या पिढीला मिस्सेनंतरचे ते ताट दिवसभराच्या उपवासावर मिळत होते. आता मात्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून कार्यालयातला केक, शाळेतला केक, सोसायटीतला सांताक्लॉज आणि कॅरल गाणाऱ्यांसाठी ठेवलेला खाऊ असा सण आधीच सुरू झालेला असतो, आणि पंचवीस तारीख उजाडेपर्यंत जीभ विटलेली असते. जुना नियम पुन्हा लागू करावा असे मी म्हणत नाही, कारण तो अधिकार माझा नव्हे. पण डब्याचे झाकण चोवीस तारखेपूर्वी उघडायचे नाही, एवढा एक नियम घरात ठरवला, तर आपल्या आईंना तो पटेल असे वाटते, कारण त्यांच्या लहानपणी बहुधा तसेच असणार.

तिसरी गोष्ट वाटण्याची आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. गोव्यात कुसवाराचे, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचे, ताट किंवा वसईत विणलेल्या रुमालाखाली झाकून नेलेली फराळाची थाळी घरोघर जाते, त्यात ख्रिस्ती आणि हिंदू असा भेद नसतो, आणि दिवाळीत किंवा चतुर्थीला त्या ताटाची परतफेडही होते. चार-पाच किलो मैद्याचे कलकल केले जात, ते घरातल्या माणसांसाठी नव्हतेच. तो हिशेब वाडीतली घरे, नातेवाईक, कामाला येणारी माणसे आणि शेतावरचे मजूर धरून केलेला असे. आज एकत्र घराची चार घरे झाली, शेजारी इमारतीच्या सहाव्या मजल्यावर राहायला गेला, पण किलोंचा आकडा मात्र आईच्या वहीत जसाच्या तसा राहिला. उरलेले फेकायचे नाही, म्हणून घरातल्यांनीच खायचे, असा हा सगळा प्रकार आहे. त्यामुळे, आईंना ‘कमी करा’ असे सांगण्याआधी त्यांच्याबरोबर बसून ताटे कोणाकोणाकडे जाणार याची यादी करावी, आणि त्या यादीवरून माप ठरवावे. कमी करायला सांगितलेली आई दुखावते, पण ‘यंदा कोणाकडे पाठवायचे?’ असे विचारलेली आई वही काढून बसते.

विकत आणण्याची कल्पना मी सोडून द्यावी असेच म्हणेन, आणि ते केवळ आईंचे मन राखण्यासाठी नव्हे. कलकलांची खरी गंमत ते वळण्यात आहे. घरातली सारी माणसे, शेंबड्या नातवंडांसकट, काट्याच्या किंवा नव्या कंगव्याच्या पाठीवर गोळी दाबून वळकटी करीत बसतात, आणि कोणाचे कलकल वाकडे झाले यावरून थट्टा चालते. ती दुपार एक किलो पिठातही तितकीच रंगते. यादीतले दोन-तीन जिन्नस मात्र गाळता येतील. मिल्क क्रीम आणि मार्झिपान या दोहोंत साखरेचेच राज्य असल्यामुळे त्यांपैकी एक पुरे, आणि केकही एकच पुरे. काय गाळायचे ते आईंनीच ठरवावे, आपण ठरवू नये.

आता आपल्या पित्ताविषयी. फुगे तळलेले असतात आणि सोरपोतेलात चरबी असते. चरबीयुक्त अन्न जठरातून पुढे सरकायला वेळ लागतो, आणि असे जेवण मध्यरात्री उरकून लगेच आडवे झाल्यास जठरातले आम्ल अन्ननलिकेत चढते. त्या रात्री मिस्सेहून आल्यावर पातळ सूप आणि केकचा एखादा तुकडा घ्यावा, आणि सोरपोतेल व फुगे पंचवीस तारखेच्या सकाळच्या न्याहारीला ठेवावेत. तेवढ्या वेळात सोरपोतेलाची चवही वाढलेली असेल. रात्रीच जेवायचे असेल, तर जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. मुलांची पोटे बिघडण्याचे कारण बहुधा पातेले वारंवार बाहेर राहणे हे असावे. हल्ली व्हिनेगर कमी घालून सोरपोतेल गोडसर करण्याकडे कल आहे, आणि असे सोरपोतेल पूर्वीसारखे बाहेर टिकेल या भरवशावर राहू नये. लागेल तेवढेच वेगळ्या भांड्यात काढून चांगली उकळी आणावी आणि बाकीचे फ्रिजमध्येच ठेवावे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय अठ्ठावन्न आहे. त्यांना मधुमेह आहे, त्यासाठी ते ग्लिमेपिराइडची गोळी घेतात, आणि गेल्या वर्षी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला गाऊटची (युरिक आम्ल सांध्यात साठून होणारी) सूज आली होती. नाताळात त्यांना बिबिंक, दोदोल, सोरपोतेल आणि फेणी, सारेच हवे असते. ‘वर्षातून एकदाच’ हे त्यांचे उत्तर ठरलेले आहे. त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, सासष्टी, गोवा

उत्तर : वर्षातून एकदाच म्हणतात, पण नाताळ, त्याच्या दुसऱ्या दिवशीचे जेवण, नववर्षाची रात्र आणि एखादे लग्न धरले, तर हे ‘एकदा’ दहा-बारा दिवसांचे होते. म्हणून सरसकट बंदी न घालता चार पदार्थांना चार वेगळे न्याय लावावेत, असे मी सुचवतो, आणि हे बोलणे जेवणाच्या टेबलावर न करता आदल्या आठवड्यात करावे. पाहुण्यांसमोर मुलाने किंवा मुलीने ताट आवरायला सांगितले, तर कोणताही बाप दुसरा तुकडा हट्टानेच घेतो.

सगळ्यांत आधी फेणीविषयी, कारण खरा धोका तिथे आहे. फेणीत अल्कोहोलचे प्रमाण साधारण बेचाळीस टक्के असते, म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका मापात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते. रक्तातली साखर उतरू लागली की यकृत नवी साखर तयार करून पुरवते, आणि अल्कोहोल नेमके हेच काम अडवते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीराला अधिक इन्सुलिन सोडायला लावते. गोळी घेतली, मिस्सेच्या गडबडीत जेवण राहिले आणि वर दोन मापे फेणी झाली, तर पहाटेपर्यंत साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम येणे, हात थरथरणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे घरच्यांना नशेचीच वाटतात आणि ‘झोपू द्या त्यांना’ असे म्हटले जाते. अशा वेळी ग्लुकोमीटरने साखर तपासावी. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचे पाणी द्यावे, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. सणाच्या दिवशी गोळी केव्हा आणि किती घ्यायची, आणि फेणी घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. गोळी मनाने बंद करू नये.

गाऊटच्या दृष्टीने सोरपोतेल हा अवघड पदार्थ आहे, कारण त्यातल्या काळजासारख्या अवयवांत प्युरिन भरपूर असते आणि त्यापासूनच युरिक आम्ल तयार होते. बिअर आणि इतर मद्य त्यात भर घालतात. गेल्याच वर्षी झटका येऊन गेला आहे, तेव्हा काळीज न घातलेला वाटा त्यांच्यासाठी वेगळा शिजवावा, आणि तोही थोडाच वाढावा. सान्नां, म्हणजे इडलीसारखे आंबवलेले गोळे, तांदळाच्या असल्या तरी वाफवलेल्या असतात, त्यामुळे एक-दोन सान्नांची तक्रार मी करणार नाही. त्याच जेवणात भात आणि पाव मात्र नको.

बिबिंक आणि दोदोल यांच्यात निवड करावी लागेल, आणि ती त्यांनीच करावी. बिबिंकीत अंड्यांचे बलक, नारळाचे दूध, साखर आणि तूप असते, तर दोदोलात तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ. गूळ म्हणून दोदोल चालेल, असा समज गोव्यात बराच आहे. रक्तातल्या साखरेला मात्र काळा गूळ खाल्ला की पांढरी साखर याने फारसा फरक पडत नाही. बिबिंकीचा एक पातळ काप जेवणानंतर लगेच, तोही बसून आणि चवीने खाल्लेला बरा. डब्याजवळून जाता-येता तोडलेले चार तुकडे कोणाच्याच हिशेबात येत नाहीत.

एक गोष्ट वेगळी सांगतो. सणासुदीच्या दिवसांत भरपूर मद्य घेतल्यानंतर एरवी निरोगी असलेल्या माणसांच्याही हृदयाचे ठोके अनियमित होतात, हे फिलिप एटिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली नोंदवले होते. वडिलांना छातीत धडधड, चक्कर किंवा दम लागणे जाणवले, तर ते जेवणाच्या जडपणावर ढकलू नये आणि त्यांना लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

प्रश्न : नाताळ आणि नववर्ष मिळून माझे वजन दरवर्षी तीन-चार किलो वाढते. या वेळी दोन जानेवारीपासून आठवडाभर फक्त फळांच्या रसावर राहून शरीर ‘स्वच्छ’ करण्याचा विचार आहे. योग्य आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. शरीर स्वच्छ करण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे वर्षभर करीतच असतात, आणि त्यांना संत्र्याच्या रसाची मदत लागत नाही. रसात फळातला चोथा जातो आणि साखर तेवढी राहते, त्यामुळे पंधरा दिवस केक खाऊन झाल्यावर पुढचे सात दिवस साखरेचे पाणी पिण्याचा तो प्रकार होईल.

तीन-चार किलोंविषयीही मला शंका आहे. अमेरिकेत १९५ प्रौढांचे वजन नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मोजून केलेला एक अभ्यास २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्यात सरासरी वाढ अर्ध्या किलोपेक्षाही कमी, सुमारे ०.३७ किलो, निघाली, आणि आपले वजन याहून कितीतरी अधिक वाढले असे त्या लोकांना वाटत होते. मात्र वाढलेले हे थोडे वजन पुढे उतरत नाही, असेही त्यात दिसले, आणि ज्यांचे वजन मुळात जास्त होते त्यांच्यापैकी अधिक जणांची वाढ मोठी होती. खारट आणि पिठूळ खाण्यानंतर शरीरात पाणी साठते, म्हणून एक जानेवारीच्या सकाळचा काटा फुगलेला आकडा दाखवतो. तो आकडा पाहून उपाशी राहू नये आणि निराशही होऊ नये.

दोन जानेवारीपासून घरचे साधे जेवण सुरू करावे. भाकरी, वरण, पालेभाजी, ताक आणि रोजचे चालणे पुरेसे आहे. उरलेला केक कापून, कापांत कागद घालून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि फराळाचे डबे कार्यालयात न्यावेत. वजन आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी काही खाण्यापूर्वी करावे. जानेवारीच्या अखेरीसही आकडा खरोखरच तीन किलो वर राहिला, तर मला पुन्हा लिहावे, आणि त्या पत्रात पंधरा दिवस रोज काय खाल्ले आणि काय प्यायले याची खरी यादी जोडावी.