लिनक्सवर डीबग अ‍ॅडॅप्टरला परवानगी देताना

डीबग अ‍ॅडॅप्टर म्हणजे मायक्रोकंट्रोलरमधला प्रोग्रॅम तपासण्यासाठी यूएसबीने जोडायचं उपकरण. ते वापरायची परवानगी नाही म्हणून त्याच्याशी बोलणारा प्रोग्रॅम, ओपनओसीडी, 'सुडो' (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून चालवू नका. तेवढ्यापुरतं काम होतं, पण एडिटरमधून सुरू होणारा डीबगर पुन्हा अडतोच.

अ‍ॅडॅप्टर जोडून 'एलएसयूएसबी' ही यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड चालवा. एसटी-लिंक व्ही२ हा अ‍ॅडॅप्टर असेल तर ०४८३:३७४८ दिसेल; पहिला क्रमांक व्हेंडरचा, दुसरा प्रॉडक्टचा. हे दोन्ही घालून यूडेव्हचा (जोडलेल्या उपकरणांच्या परवानग्या ठरवणारी लिनक्सची यंत्रणा) नियम लिहा: मोड ०६६० (फक्त मालक आणि ग्रुपला वाचण्या-लिहिण्याची परवानगी), ग्रुप 'प्लगडेव्ह' आणि लॉगिन केलेल्याला परवानगी देणारा 'यूअ‍ॅक्सेस' टॅग. डेबियन-उबुंटूत हा ग्रुप असतो, इतरत्र नसेल तर आधी बनवा. ०६६६ मोड मात्र टाळा, त्याने मशीनवरच्या प्रत्येकाला अ‍ॅडॅप्टर खुला होतो.

लोक सर्वाधिक अडकतात ते नियमाच्या फाइलच्या नावात; नावाच्या सुरुवातीच्या क्रमांकाच्या क्रमाने नियम लागू होतात. 'यूअ‍ॅक्सेस'ची अंमलबजावणी ७३ क्रमांकाच्या नियमात होते, म्हणून तुमची फाइल त्याआधी यायला हवी, ६० चालेल. ९९ दिलात तर टॅग लागतो, परवानगी मिळत नाही, आणि नियमात चूक असल्याचं कुठे दिसतही नाही. एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करून, काम करत असाल तर हा टॅग कामाचा नाही, कारण तो मशीनसमोर बसून लॉगिन केलेल्यालाच परवानगी देतो. तिथे ग्रुपच हवा, आणि ग्रुपमध्ये नाव घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा.

नियम लिहून झाला की 'यूडेव्हअ‍ॅडम कंट्रोल --रीलोड' चालवा आणि केबल काढून परत लावा. आधीच जोडलेल्या अ‍ॅडॅप्टरला नवा नियम आपोआप लागत नाही.