गॅनिमीडचे रेखाटन नेमके कोणाचे?

प्रश्न : गरुड गॅनिमीड या ग्रीक पुराणकथेतल्या देखण्या तरुणाला आकाशात उचलून नेत असल्याचे रेखाटन मी दोन पुस्तकांत पाहिले. एकात ते मायकेलअँजेलोचे म्हटले आहे, दुसऱ्यात ‘मायकेलअँजेलोवरून’. खरे कोणते मानावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण बहुधा दोन वेगवेगळे कागद पाहिले आहेत. इंग्लंडच्या राजसंग्रहातले, विंडसर येथील रेखाटन नक्कल मानले जाते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात असलेले दुसरे रेखाटन मात्र काही अभ्यासक मूळ मानतात, तर काहींना ते मान्य नाही.

या घोळाचे मूळ त्या रेखाटनांच्या जन्मातच आहे. १५३२–३३च्या सुमारास मायकेलअँजेलोने तोम्मासो देई काव्हालिएरी या तरुण रोमन सरदाराला गॅनिमीड, टिटियस (शिक्षा म्हणून पक्षी ज्याचे यकृत खातो तो राक्षस) आणि फाएथॉन (सूर्याचा रथ हाकताना कोसळलेला तरुण) या ग्रीक पुराणकथांवरची रेखाटने भेट दिली. ती पाहायला पोपसह अनेकांची रीघ लागली आणि कार्डिनल इप्पोलितो दे मेदिची यांना त्यांतली दोन स्फटिकात कोरून हवी होती, असे काव्हालिएरीनेच सप्टेंबर १५३३च्या पत्रात कळवले आहे. एवढी कीर्ती झाल्यावर नकला होणारच, आणि त्या करणाऱ्यांत जुलिओ क्लोव्हिओसारखा निष्णात लघुचित्रकारही होता. शिवाय भेटीसाठीचे हे काम काळ्या खडूने इतके गुळगुळीत, घोटून पूर्ण केलेले असे की रेषेची ओढ त्यात दिसेनाशी होते. कच्च्या आराखड्यात हात ओळखणे त्यामानाने सोपे.

म्हणून निव्वळ नजरेवर न विसंबता कागदावरच्या खुणा पाहाव्या लागतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या फाएथॉनच्या रेखाटनावर मायकेलअँजेलोने स्वतः तोम्मासोला लिहिले आहे की हा आराखडा आवडला नाही तर उर्बिनोला (म्हणजे आपल्या नोकराला) सांगा, उद्या संध्याकाळपर्यंत दुसरा करतो. विंडसरच्या टिटियसची खूण मला त्याहूनही बोलकी वाटते : कागदाच्या मागच्या बाजूला मायकेलअँजेलोने टिटियसचीच आडवी आकृती गिरवून, कागद उभा धरून तिचा कबरीतून उठणारा ख्रिस्त केला आहे. नक्कल करणारा हुबेहूब उतरवण्याच्या चिंतेत असतो. असा उलटापालट विचार तो सहसा करत नाही.

गॅनिमीडच्या बाबतीत वाद मिटवील अशी खूण सापडलेली नाही. त्यामुळे ‘वरून’ या शब्दाने बिचकू नये. कल्पना आणि रचना मायकेलअँजेलोची, खडू दुसऱ्याच्या हातात, एवढाच त्याचा अर्थ आहे. पुस्तकात कलाकाराच्या नावाआधी संग्रहाचे नाव वाचलेत, तर आपण कोणत्या कागदाविषयी बोलतो आहोत हे तरी पक्के होईल.