उत्तर: वीज आल्यावर तिसरा स्विच कंट्रोलरला जोडला जात नाही

तीन स्विच एका ओळीत, कंट्रोलरची केबल फक्त पहिल्याला, आणि वीज जाऊन आली की तिसरा परत येत नाही, हे तुमचं वर्णन वाचलं आणि गोव्यात वेर्ण्यातला माझा एक पावसाळा आठवला. अगदी हाच त्रास. ओपनफ्लो, म्हणजे कंट्रोलर नावाच्या मध्यवर्ती प्रोग्रामने नेटवर्कच्या स्विचना पॅकेट कुठे पाठवायचं याचे नियम (फ्लो) देण्याची पद्धत, तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. तिसऱ्याचं कंट्रोलरशी बोलणं दुसऱ्यातूनच जातं.

माझी चूक अशी: दुसऱ्या स्विचवर कंट्रोलरच्या टीसीपी 6653 साठी (ओपनफ्लोचं कनेक्शन याच क्रमांकावर चालतं) दोन्ही दिशांचे फ्लो घातले आणि एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता विचारणारा प्रोटोकॉल) विसरलो. घात असा की आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. जोडणी करताना दुसरा स्विच स्टँडअलोन मोडवर होता, म्हणजे साध्या स्विचसारखा सगळं पुढे पाठवत होता. तिसऱ्याला कंट्रोलरचा मॅक पत्ता तेव्हाच मिळाला. नंतर मी फेल मोड (कंट्रोलर तुटल्यावर स्विचने काय करायचं ते) सिक्युअर केला, म्हणजे फक्त घातलेले फ्लोच पाळायचे, पण चालू कनेक्शन टिकून राहिलं. मग एका रात्री वीज गेली, यूपीएसही संपला. वीज आल्यावर तिसरा स्विच एआरपीने कंट्रोलरचा पत्ता विचारत राहिला आणि दुसरा ते पॅकेट टाकून देत राहिला. ओपनफ्लो 1.3 मध्ये टेबल-मिसची (कुठल्याच फ्लोत न बसणाऱ्या पॅकेटसाठीची) नोंद घातली नसेल तर असंच होतं. फोंड्याहून भर पावसात बोरीचा पूल ओलांडून कन्सोल केबल घेऊन गेलो, तेव्हा कुठे हे दिसलं.

त्याआधी विक्रेत्याच्या सपोर्ट ऑफिसात तीन वेळा तक्रार नोंदवली होती. तिन्ही वेळा एकच उत्तर: फर्मवेअर बदला, लॉग पाठवा. लॉग पाठवले, ते कुणी उघडलेही नाहीत. याचा राग अजून आहे.

तुम्ही ओपन व्हीस्विच (सॉफ्टवेअरमधला स्विच) वापरत असाल तर इन-बँड (कंट्रोलरशी बोलणं डेटाच्याच केबलवरून) चालू असताना तो हे फ्लो स्वतःच घालून लपवून ठेवतो, नेहमीच्या कमाल 65535 च्याही वरच्या प्रायॉरिटीने. आमच्या स्विचमध्ये ती सोय नव्हती. तुमच्यात आहे का ते बघा. नसेल तर एआरपी आणि टीसीपी दोन्ही हाताने घाला, त्यांना वेगळी कुकी (फ्लोवरची ओळखखूण) द्या. कंट्रोलर सुरू होताना सगळे फ्लो पुसत असेल तर त्याला ही कुकी वगळायला लावा, नाहीतर तो स्वतःचीच वाट तोडतो. एआरपी फ्लड करू नका (सगळ्या पोर्टांवर सोडू नका), नेमका पोर्ट द्या. स्विच रिंगमध्ये (गोलाकार) जोडलेले असतील तर पॅकेट फिरतच राहील.

मिनिनेटमध्ये (एकाच संगणकावर नकली नेटवर्क उभारणारं साधन) चाललं म्हणून निर्धास्त राहू नका. तिथे सगळे स्विच एकाच मशीनवरून थेट कंट्रोलरशी बोलतात, मधला स्विच वाटेत येतच नाही.

माझं स्पष्ट मत: शक्य असेल तिथे मॅनेजमेंटची (फक्त कंट्रोलरशी बोलण्यासाठी) वेगळी केबल ओढा. अर्थात तुमच्या इमारती किती लांब आहेत ते मला माहीत नाही. दुसऱ्या स्विचचं फ्लो टेबल इथे टाका, एआरपीची नोंद आहे का ते बघतो.