मुलं सतत एकमेकांच्या तक्रारी घेऊन येतात. वर्गात एकमेकांचं कौतुक करायची सवय कशी लावावी?

चौथीचा वर्ग म्हटला की "बाई, हा बघा ना" हे दिवसभर ऐकावंच लागतं, त्यामुळे तुमचा वैताग समजला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गात जे चाललं ते सांगते.

'आठवड्याचा तारा' किंवा 'आदर्श विद्यार्थी' असला काही प्रकार चालू असेल तर तो आधी थांबवा. त्यात तीन-चार हुशार मुलांचीच नावं आलटून पालटून येतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. शिवाय ते कौतुक आपण करतो, मुलं नाही.

त्यापेक्षा चिठ्ठ्या लिहून घ्या. अमेरिकेत ख्रिस्तोफर स्किनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध केला होता, तोही चौथीच्याच वर्गावरचा. चहाडीच्या बरोबर उलट, वर्गातल्या कुणी काय मदत केली ते मुलांनी कार्डावर लिहायचं. सगळ्या वर्गाची मिळून बेरीज समोर लावायची आणि ठरलेला आकडा गाठला की बक्षीसही सगळ्या वर्गाला. बेरीज आणि बक्षीस चालू असताना कार्डं वाढली, ते काढून घेतल्यावर कमी झाली, परत सुरू केल्यावर पुन्हा वाढली. म्हणजे नुसतं "चांगलं बोला रे" सांगून भागत नाही.

याला खर्च काही नाही. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून चिठ्ठ्या होतात, खडूचा रिकामा खोका पेटी म्हणून चालतो. बेरीज फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. बक्षीस म्हणजे शेवटच्या तासाला लगोरी, आणखी काय लागतं! मात्र कुणाच्या नावावर किती चिठ्ठ्या आल्या हे कधीही मोजू नका. मोजलंत की दुसऱ्याच दिवशी "तू माझी लिही, मी तुझी लिहितो" सुरू होतं.

खरी मेहनत पुढे आहे. सुरुवातीला चिठ्ठ्या येतात त्या अशा: "ती खूप हुशार आहे." "त्याचं अक्षर छान आहे." एखादा बहाद्दर "बाई छान शिकवतात" असंही लिहून टाकतो. मुलं कौतुकाला कंजूष नसतात, त्यांना नेमकं काय बघायचं ते कुणी दाखवलेलं नसतं. म्हणून परिपाठानंतर थोडा वेळ काढून फळ्यावर दोन वाक्यं लिहा. एक, "तो मदत करतो." दुसरं, "खिचडीच्या रांगेत पहिलीतल्या मुलाचं ताट कलंडलं, तेव्हा यानं स्वतःचं ताट खाली ठेवून ते धरलं." कुठलं वाक्य वाचून डोळ्यांसमोर चित्र येतं, ते मुलांनाच विचारा. कोणी, कोणासाठी, काय केलं, एवढं चिठ्ठीत आलं पाहिजे. हे जमायला वेळ लागतो, पण एकदा जमलं की काय काय हाती लागतं! एका मुलीबद्दल चिठ्ठी होती: "भागाकार चुकला तर ती उत्तर सांगत नाही, कुठं चुकलं तिथं बोट ठेवते." मी त्याच वर्गात उभी असते, पण हे मला दिसलं नव्हतं. वर्णनात्मक नोंदींमध्ये आपण वर्षानुवर्षं 'इतरांना सहकार्य करतो' हे तयार वाक्य उतरवून काढतो, त्यापेक्षा ही चिठ्ठी कितीतरी बोलकी आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगतिपत्रकात सहाध्यायींनी केलेलं मूल्यमापनही धरलेलं आहे, तिथंही या चिठ्ठ्या कामाला येतील.

चिठ्ठ्या आधी स्वतः वाचा, मग वर्गात वाचून दाखवा. "तिच्याकडे डबा नव्हता म्हणून त्यानं तिला भाकरी दिली" यात त्याचं कौतुक होतं, पण तिची मान खाली जाते. अशी चिठ्ठी ज्याची त्याच्या हातात द्यायची.

काही मुलांच्या नावाची चिठ्ठीच येत नाही. "याच्याबद्दलही कुणीतरी लिहा" असं म्हणू नका, दयेनं लिहिलेलं मुलांना लगेच कळतं. त्याची जागा बदला, जोडी बदला, चारचौघांना दिसेल असं काम त्याच्याकडे द्या. वाचनात मागे असलेला मुलगा मैदानाची आखणी दोरी लावून अगदी सरळ करतो, हे इतरांना दिसायची सोय आपणच करायची असते. चौथीत मुलगे मुलग्यांबद्दल आणि मुली मुलींबद्दलच लिहितात, तेही मिश्र गटात काम दिलं की आपोआप कमी होतं.

आणि तक्रारी ऐकणं बंद करू नका. खोडरबर कुणी घेतला यासारख्या गोष्टी मागे पडतात, पण मारलं, पैसे काढून घेतले, नको तिथं हात लावला, असं काही मूल सांगत असेल तर त्याला "आधी काहीतरी चांगलं सांग" म्हणणं घातक आहे. तिथं हातातलं काम टाकून ऐकायचं.

तुमचा वर्ग आठवी-नववीचा असेल तर मोठ्यानं वाचन नकोच. मुलानं मुलीबद्दल चार बरे शब्द लिहिले की वर्गभर चिडवाचिडवी सुरू होते आणि पुढच्या आठवड्यात खोका रिकामा राहतो. त्या वयात लिहिणाऱ्याचं नाव झाकून चिठ्ठी वहीत घालून परत द्या. बेरीज मात्र फळ्यावर राहू द्या. लगोरी त्यांनाही हवीच असते.