आजीच्या मोज्यांवरची सँडल

मावशी,

माझी आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, स्टुटगार्टला आली आहे. वय 68. साखर आहे, गोळ्या चालू आहेत. उजव्या अंगठ्याचं हाड बाहेर आलंय, त्यामुळे बंद बूट तिला चावतात. आल्याआल्या मी तिला चांगले महागाचे बूट घेतले, पण ते दाराशी तसेच पडून आहेत. ती जाड मोजे चढवते, त्यावर सँडल घालते आणि तशीच माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला शाळेतून आणायला जाते. गेल्या आठवड्यात तो म्हणाला, "आजीला सांग ना बूट घालायला, मुलं बघतात." खरं सांगायचं तर मलाही जरा अवघडल्यासारखं होतं. आईला कसं सांगू? आणि थंडी अजून वाढली की काय करायचं?

—

तुझ्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: साखर आहे आणि बूट चावतात. पोरं बघतात हा प्रश्न नंतरचा. आधी पाय.

2011 च्या ऑक्टोबरात माझी आई इथे आली होती, तेव्हा मी तुझ्यासारखंच केलं. तिच्या चपला काढून ठेवल्या आणि जाड मोजे मावावेत म्हणून एक नंबर मोठे बूट आणले. आई चार दिवस निमूटपणे ते घालून फिरली. पाचव्या दिवशी मोजे धुवायला टाकताना मला टाचेवर तपकिरी डाग दिसला. फोड येऊन, फुटून, चिघळायला लागला होता आणि आईला त्यातलं काही कळलंच नव्हतं. ती म्हणाली, "दुखलं असतं तर सांगितलं असतं गं." बरीच वर्षं साखर असली की पायांच्या नसा मंदावतात आणि दुखणं वरपर्यंत पोचत नाही. त्या फोडाने सात आठवडे घेतले आणि तिचं परतीचं तिकीट बदलावं लागलं. त्यानंतर कुणाचे आईवडील यायचे म्हटलं की मी कोटाआधी पायांची चौकशी करते.

म्हणून आज रात्रीच एक कर. आईला पलंगावर पाय लांब करून बसव आणि डोळे मिटायला सांग. तुझ्या तर्जनीचं टोक तिच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला अगदी हलकं, एकदोन सेकंद लाव. दाबायचं नाही, घासायचं नाही. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं होतात. स्पर्श जाणवला की तिने "हं" म्हणायचं. दोन किंवा जास्त बोटांचा स्पर्श कळला नाही, तर सँडलचा विषय तिथेच थांबव आणि डॉक्टरांना दाखव. अशा पायांना मधुमेहींसाठीची रुंद, आतून मऊ, पुढून बंद पादत्राणं लागतात. आणि हे भारतात परतल्यावर बघू असं म्हणू नकोस. व्हिसासाठी काढलेल्या बहुतेक विम्यांत जुनी दुखणी वगळलेली असतात, त्यामुळे चिघळलेल्या पायाचा खर्च कसा अंगावर येतो ते मी पाहिलं आहे.

सहाही बोटांचा स्पर्श कळला, तर आईची निवड शहाणपणाची आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. चावणाऱ्या बुटापेक्षा मोज्यांवरची सँडल शंभर पटीने बरी. तिला "घालू नकोस" म्हणायची गरज नाही. तिला नीट सँडल आणि नीट मोजे घेऊन द्यायची गरज आहे.

आईने तिकडून आणलेली सँडल मागून उघडी असेल, तर ती इथल्या रस्त्यांसाठी नको. मोजा घातला की पाय तळव्यावर सरकतो, आणि मागे पट्टा नसला की चप्पल धरून ठेवायला बोटं आवळली जातात. तुमच्या गावात चारशेच्या वर तर नुसते दगडी जिने आहेत, त्यांना तुम्ही श्टेफेले म्हणता ना, तेच. ऑक्टोबरात त्यांच्यावर ओला पाचोळा साचतो. तिथे पाय घसरणं म्हणजे खुब्याचं हाड. तेव्हा मागे पट्टा हवा, तळ खाचांचा हवा आणि पुढून बोटं झाकलेली हवीत. ट्रेकिंगच्या दुकानात तीन वेल्क्रो पट्ट्यांची, पुढून रबराचं टोपण असलेली सँडल मिळते, ती सगळ्यात उत्तम. वेल्क्रोचा मोठा फायदा असा की जाड मोज्याला ढिली आणि पातळ मोज्याला घट्ट करता येते. शिवाय संध्याकाळी पाय सुजले तर आईला वाकून बक्कल सोडत बसावं लागत नाही.

खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. जे मोजे थंडीत घालणार तेच घालून जा. उभं राहून पाहायचं: सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी. आणि उजव्या अंगठ्याचं ते हाड जिथे बाहेर आलंय, नेमकं तिथून पट्टा जायला नको. दुकानात पाच मिनिटं चालून झाल्यावर मोजा काढ आणि हाडावर लाल झालंय का ते बघ. झालं असेल तर दुकानदार कितीही म्हणाला की वापराने सैल होईल, तरी ती जोडी परत ठेव.

मोज्यांचं मात्र आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतं. आपण तिकडून सुती मोज्यांचे ढीग घेऊन येतो. सुती मोजा घाम शोषतो आणि ओलाच राहतो, मग पाय आतून गारठतो. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. मेरिनो लोकर मिसळलेले, मध्यम जाडीचे मोजे घे. दोन मोजे एकावर एक चढवणं बंद कर. त्याने सँडल घट्ट होते, रक्त खेळत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. पोटरीला ज्याच्या इलॅस्टिकचा वण उठतो तो मोजाही बाद. सानिटेट्सहाउस म्हणून जी दुकानं असतात, जिथे कमरेचे पट्टे आणि चालायच्या काठ्या मिळतात, तिथे मधुमेहींचे सैल कडेचे, बोटांवर शिवण न टोचणारे मोजे मिळतात. रंग पांढरा किंवा फिका घे. काळ्या मोज्यावर रक्ताचा किंवा पुवाचा डाग दिसत नाही. माझ्या आईचा मोजा फिका होता म्हणून तर मला कळलं.

आई जोडवी घालते का, हे तू लिहिलेलं नाहीस. घालत असेल तर इकडे लक्ष दे. लोकरीच्या मोज्याचा धागा जोडव्याच्या नक्षीत अडकतो, मोजा ओढताना बोट पिरगळतं आणि दिवसभर ते जोडवं शेजारच्या बोटाला घासत राहतं. बोटं सुजली तर ते रुततं. तिला जोडवी काढायला सांगणं मला पटत नाही आणि तीही ऐकणार नाही. गुळगुळीत, बिननक्षीचा, थोडा उघडा वेढा असलेली जोडी थंडीपुरती घालू दे. रोज रात्री जोडवं बोटावर गोल फिरतंय ना, एवढं बघायचं.

तिने कोल्हापुरी आणली असेल तर ती मंडळाच्या दिवाळीसाठी राहू दे. हिरडा-बाभळीत कमावलेलं ते चामडं इथल्या भुरभुर पावसात भिजून आक्रसतं आणि तळ ओल्या फरशीवर बर्फासारखा सरकतो. शिवाय अंगठ्याच्या पट्ट्यात साधा मोजा बसत नाही. अंगठा वेगळा असलेले मोजे आपल्याकडे मिळतात, ते घरातल्या कार्यक्रमापुरते छान. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या प्राचीन शहरातले लाल लोकरीचे मोजे आहेत. इसवी सन 250 ते 420 च्या दरम्यानचे, आणि सँडलबरोबर घालता यावेत म्हणून त्यांचा पंजा असाच दोन भागांत विणलेला आहे. मी ते काचेआडून पाहिले तेव्हा मला माझ्या आजीचे मोजे आठवले.

आता तुझा मुलगा. त्याला रागावू नकोस. नऊ वर्षांच्या पोराला आपल्या घरची कुठलीही वेगळी गोष्ट शाळेच्या फाटकात नको असते. आज सँडल आहे, उद्या डब्यातली भाजी असेल. पण त्याच्याशी बोलताना त्याच्याच पायांकडे बोट दाखव. वर्गात शिरताना तो बूट काढून मोज्यांवर हाउसशू चढवत असेल, बऱ्याच शाळांत तशीच पद्धत आहे. फुटबॉलच्या सरावानंतर मोठी मुलं पांढऱ्या खेळाच्या मोज्यांवर रबरी स्लाइड्स घालून घरी जातात, ते त्याने पाहिलंच असेल. आणि तो राहतो तो देशच मुळी मोज्यांवर सँडल घालणाऱ्यांचा म्हणून जगभर ओळखला जातो. पायाच्या आकाराचा तळवा असलेली पहिली बिर्केनस्टॉक सँडल 1963 मध्ये याच देशात निघाली. आज तुमच्या ट्रामने फिरणारे विशीतले विद्यार्थी तसल्याच सँडल लोकरीच्या मोज्यांवर घालतात आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. त्याच्या मित्रांना आजीचे मोजे विचित्र वाटले असतील, असं मला तरी वाटत नाही. आजी साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून, मराठीत हाक मारत फाटकाशी उभी असते, त्याकडे ती बघत असतील. हे त्याने तोंडाने म्हटलेलं नाही, पण तू एकदा हळूच विचारून बघ.

त्याला एक गोष्टही सांग. इंग्लंडच्या उत्तर भागात, हेड्रियन या रोमन सम्राटाच्या भिंतीजवळ विंडोलांडा नावाची रोमन छावणी होती. तिथे 1973 पासून लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडत गेली. त्यातल्या एकात कुणीतरी कुणाला तरी कळवतंय: तुझ्यासाठी मोजे, सँडलचे दोन जोड आणि दोन चड्ड्या पाठवल्या आहेत. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वी, घरापासून लांब थंडीत राहणाऱ्या माणसासाठी घरून आलेलं पार्सल! रोमन सैन्य तुमच्याही गावात होतं, बाड कानश्टाटला त्यांचा किल्ला होता. आलेनचं लिमेस, म्हणजे रोमन सरहद्दीचं संग्रहालय तुमच्याकडून रेल्वेने तासा-सव्वा तासावर आहे. एखाद्या रविवारी आजी-नातवाला घेऊन जा.

थंडी वाढल्यावर काय, हा तुझा शेवटचा प्रश्न. माझा हिशेब असा: कोरडा दिवस आणि साधारण दहा अंशांच्या वर असेल, तर मोज्यांवर सँडल चालेल. तुमच्याकडे ऑक्टोबरात सकाळी सातआठ अंश आणि दुपारी पंधरा असं असतं, म्हणजे शाळा सुटायच्या वेळेला ठीक आहे. त्याखाली, किंवा पाऊस असेल तर, किंवा रात्री दव गोठून फरशी चकाकत असेल तर सँडल नाही. त्या दिवसांसाठी रुंद पंजाचा, वर मऊ कापड असलेला, आतून उबदार बूट हवा. तो घेताना पुन्हा तेच हाड, तोच पट्ट्याचा प्रश्न. असा बूट मिळेपर्यंत पावसाच्या दिवशी नातवाला शेजारच्या मुलासोबत येऊ दे. पिशवीत मोज्यांचा एक कोरडा जोड कायम ठेव. भिजले तर शाळेच्या बाकावर बसून बदलायचे, घरी येईपर्यंत थांबायचं नाही.

बाहेरून आल्यावर पाय हीटरला लावू देऊ नकोस, गरम पाण्याच्या पिशवीवरही नाही. गारठलेली बोटं एकदम तापवली की लाल होऊन सुजतात आणि खाज सुटते. साखर असलेल्या माणसाला पोळल्याचंही कळत नाही. कोरडे मोजे, पांघरूण आणि वेळ एवढं पुरे.

घरात आई अनवाणी फिरत असेल. स्वयंपाकघरात आणि देव्हाऱ्यापाशी चप्पल तिच्या मनाला पटत नाही, ते मी समजू शकते. तिच्यासाठी दाराबाहेर कधीच न गेलेला, नमद्याचा, मागून बंद आणि रबरी तळाचा एक जोड वेगळा ठेव, आणि तो घरातच घालायचा आहे असं सांग. देव्हाऱ्यापुढे जाड आसन अंथर, म्हणजे तिथे ती मोज्यांवर उभी राहील. नुसत्या मोज्यांवर लाकडी जमिनीवर मात्र नको, त्याने माणसं पडतात.

टाचांना भेगा असतील तर रात्री कोमट पाण्याने पाय धुवून बोटांच्या बेचक्यांत नीट टिपून घे. पाणी आधी तुझ्या कोपराने तपास. कोकम तेलाचा गोळा तिने आणला असेलच. चमचा थोडा गरम करून त्यावर तो वितळव, तेल कोमट झाल्यावर भेगांत भर आणि वर सुती मोजा चढव. सुती मोज्याचा उपयोग इथे आहे. बेचक्यांत तेल लावायचं नाही, तिथे ओल राहते. भेगेतून रक्त येत असेल तर मात्र घरी काही करू नका, पोडोलोगकडे, म्हणजे पायांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाकडे वेळ घ्या. पत्र्याने किंवा ब्लेडने टाच खरवडणं तर अजिबात नको.

त्या वेळी तुझ्या मुलाला बोलव. अंगठ्याच्या हाडामुळे आणि गुडघ्यांमुळे आईला स्वतःचा तळवा बघता येत नसणार. त्याने मोबाइलचा दिवा धरायचा आणि सांगायचं: कुठे लाल आहे का, फोड आहे का, काही टोचलंय का, जोडवं फिरतंय का. कुठे लाल दिसलं तर दुसऱ्या दिवशी ती सँडल बंद. तो हे रोज न चुकता करेल, मुलं अशी कामं फार मनापासून करतात. पहिल्या आठवड्यात त्याला काय काय दिसलं ते मला कळव.