खेळाडूला धर्मावरून शिव्या: ‘दुर्लक्ष कर’ म्हणू नका, पुरावा जपा

मोठा सामना हरला की आठवडाभरात या सदराकडे एकसारखी पत्रं येऊ लागतात. आडनाव बघून मुलाला कुणीतरी ‘गद्दार’ म्हटलेलं असतं, घरचे घाबरलेले असतात आणि मेसेज पुसून टाकलेले असतात. म्हणून या वेळी या एकाच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : शतक झाल्यावर सजदा केला किंवा छातीवर क्रूस काढला तर खेळाडूवर बंदी येते का? (डोंबिवली)

नाही. बॅट किंवा कपड्यांवर कुठलाही वैयक्तिक संदेश लिहायचा असेल तर आयसीसीची पूर्वपरवानगी लागते, ती बाब वेगळी.

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा वेगवान गोलंदाज आहे. अंतिम सामन्यात त्याच्या शेवटच्या षटकात धावा गेल्या. त्या रात्री क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला ‘पाकिस्तानी’, ‘अतिरेकी’ म्हटलं. आम्ही म्हणालो, दुर्लक्ष कर. आठ महिने झाले, तो सरावाला जात नाही. आता तक्रार होईल का? (मिरज)

होईल, पण आता एक दिवसही दवडू नका.

आधी मुलाला हे सांगा. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानने आपल्याला दहा गडी राखून हरवलं. बिनबाद १५२. म्हणजे आपल्या एकाही गोलंदाजाला विकेट मिळाली नव्हती. गद्दार मात्र एकट्या मोहम्मद शमीला ठरवलं. पुढच्या वर्षी आशिया चषकात अर्शदीप सिंगच्या हातून एक झेल सुटला, तर रातोरात विकिपीडियावर त्याच्या नावापुढे खलिस्तान चिकटवलं गेलं. दीडेक महिन्यानी मेलबर्नला त्याच अर्शदीपने बाबर आझमला पहिल्याच चेंडूवर पायचीत केलं. तुमच्या मुलाने काहीही चूक केलेली नाही. षटक वाईट पडलं, एवढंच.

आता पुराव्याचं. ‘दुर्लक्ष कर’ हे घरचे प्रेमानेच सांगतात, पण त्या सल्ल्यामुळे बुडालेली प्रकरणं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. एका क्लबचा यष्टिरक्षक वडिलांसोबत माझ्याकडे आला होता. हातात फोन, त्यात एकच स्क्रीनशॉट, तोही वरून-खालून कापलेला. तारीख नाही. पाठवणाऱ्याच्या जागी ‘पप्पू ग्राउंड’. कारण नंबर त्या नावाने सेव्ह होता. हा पप्पू कोण, ते कागदावर सिद्ध कसं करायचं? जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलेला. मुलगा खाली मान घालून बसला होता आणि मला त्याला हात देता आला नाही.

म्हणून जे उरलं असेल ते आजच जपा. संपूर्ण स्क्रीन घ्या, तारीख आणि वेळ दिसू द्या. नावावर टिचकी मारून नंबर दिसतो, त्याचाही फोटो घ्या. ग्रुपचा पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा. इन्स्टाग्राम वा फेसबुक असेल तर पोस्टची आणि प्रोफाइलची लिंक उतरवून ठेवा, कारण ती माणसं नाव बदलतात. तुमच्याकडचा मेसेज गेला असेल तर ग्रुपमधल्या एखाद्या भल्या सदस्याच्या फोनमध्ये तो असू शकतो. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ते वकिलाच्या सल्ल्यानेच करून घ्या.

घाई का, तर तक्रारीच्या मुदतीमुळे. धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०२ आहे (३०२ म्हणजे खून, हे जुन्या दंडविधानात). शिक्षा एक वर्षापर्यंत, म्हणून मुदतही एकच वर्ष. धर्मावरून वैर पसरवण्याचं कलम १९६ अधिक गंभीर, तिथे मुदत तीन वर्षांची. तुमच्या प्रकरणात कुठलं लागेल, हे मेसेजचे नेमके शब्द वाचूनच ठरतं. सांगली-मिरजेत फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला या आठवड्यात भेटा. आणि मुलाला समुपदेशकाकडे न्या. आठ महिने मैदानापासून लांब राहणं साधं नाही.

प्रश्न : पोलीस म्हणाले, अशा गुन्ह्याला सरकारची मंजुरी लागते, ती आणा. (बीड)

चूक. कलम १९६ आणि २९९ (जाणूनबुजून धर्माचा अपमान) च्या गुन्ह्यांत मंजुरी लागते ती न्यायालयाने दखल घेताना. एफआयआर नोंदवायला नाही. २८ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितलं आहे की द्वेषपूर्ण भाषणाविरुद्ध तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा. नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून परत पाठवलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि वकील गाठा.

प्रश्न : शिव्या देणारी खाती पाकिस्तानातली असतात असं ऐकतो. मग इथे तक्रार करून काय उपयोग? (नाशिक)

ऐकीव गोष्टींवर विसंबू नका. विराट कोहली शमीच्या पाठीशी उभा राहिला, त्यानंतर त्याच्या तान्ह्या मुलीबद्दल किळसवाणी धमकी आली. खातं पाकिस्तानचं असल्याचा बोभाटा झाला. मुंबई पोलिसांनी पकडलेला तरुण हैदराबादचा निघाला. (एप्रिल २०२३ मध्ये तक्रारदाराच्या संमतीने मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला.) तक्रार कराच.

प्रश्न : एक एजन्सी ४० हजारांत मुलीविषयीच्या सगळ्या वाईट पोस्ट काढून देते म्हणते. (पिंपरी)

एक पैसा देऊ नका. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार फुकट होते, २४ तासांत पोच द्यावी लागते आणि निकाल पटला नाही तर ३० दिवसांत सरकारी अपील समितीकडे जाता येतं. या एजन्सी तेच बटण दाबतात आणि घाबरलेल्या आईबापांकडून पैसे काढतात. त्यातही पोस्ट आधी गेली तर पुरावाही गेला. काढून टाकण्याआधी जपून ठेवा.

प्रश्न : आमच्याच समाजातले लोक म्हणतात, मुलीने शॉर्ट्स घालून खेळणं बंद करा, नाहीतर संबंध तोडू. (मालेगाव)

ताई, हासुद्धा त्याच रोगाचा प्रकार. २००५ मध्ये सानिया मिर्झाच्या कपड्यांवर काही मौलवींनी आक्षेप घेतला, तिला सुरक्षा द्यावी लागली, तरी ती खेळत राहिली. मार्च २०२५ मध्ये रमजानात सामन्यादरम्यान पेय प्यायल्याबद्दल शमीला एका मौलानांनी गुन्हेगार म्हटलं. म्हणजे ज्याला एका बाजूने पाकिस्तानी म्हणतात, त्यालाच दुसरीकडून कमी मुसलमान ठरवतात. कायदा तुमच्या बाजूने आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, तो जातपंचायतीपुरता नाही, कुठल्याही धर्माच्या समाजाला लागू होतो. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पण तुम्हाला त्याच गल्लीत राहायचं आहे. म्हणून अर्ज देण्याआधी महिला वकिलाशी किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी बोला. तिथे महिलांना मोफत वकील मिळतो.

प्रश्न : मुलगा रोजे ठेवतो. कोच म्हणतात, मग संघात घेणार नाही. (औसा)

रोजा ठेवावा की नाही हे कोचने ठरवायचं नाही, मीही नाही. हाशिम आमलाने २०१२ च्या रमजानात ओव्हलवर नाबाद ३११ केल्या तेव्हा तो प्रवासात असल्यामुळे रोजे धरत नव्हता, नंतर भरून काढणार होता. दुसरा कुणी वेगळं ठरवेल. उन्हात पाण्याशिवाय गोलंदाजी हा प्रश्न डॉक्टरांचा, त्यांचं लेखी मत कोचला द्या.

प्रश्न : पूर्वी मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी असे संघ होते आणि सगळं गुण्यागोविंदाने चालायचं. मग आमच्या मंडळाने एकाच धर्माची स्पर्धा भरवली तर बिघडलं कुठे? (ठाणे)

गुण्यागोविंदाने? हिंदू संघाच्या पळवणकर बाळूंना, दलित म्हणून, पुण्यात चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. देशातला सर्वोत्तम फिरकी गोलंदाज, पण कर्णधारपद कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ‘रेस्ट’ संघात. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या. अशा मराठी माणसाची जागा ‘उरलेल्यां’मध्ये! डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटली, तेव्हा गांधीजींनी या धर्मवार स्पर्धांना विरोध केला. १९४६ नंतर त्या बंद झाल्या.

मैदान महापालिकेचं असेल तर परवानगीच्या अटी वकिलाला दाखवून घ्या. माझं मत विचारलंत म्हणून सांगते, भरवू नका.

प्रश्न : शिव्या देणारा मुलगा १६ वर्षांचा आहे. (चिपळूण)

बाल न्याय मंडळाचा विषय. त्याचं नाव, फोटो कुठेही टाकू नका, तसं करणं हाच गुन्हा आहे आणि तो तुमच्यावर येईल. पुरावा जपा आणि आधी वकिलाला भेटा.